लाल खुंटीवरचा बिल्ला

“मला हाक मारलीस आणि ओ आली नाही, तर ‘झोपल्या असतील’ म्हणून परत फिरू नकोस हं,” तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी आईला एकदा बजावलं होतं. बाई सत्तरीच्या, निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. आई तेव्हा घाईत होती. तिने “काहीतरीच काय, बाई” म्हणून ते हसण्यावारी नेलं होतं.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी आईने त्यांना हाक मारली. ओ आली नाही. झोपल्या असतील, असं म्हणून ती जिना चढून वर आली. बाई दारामागे पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने दार ठोठावलं तेव्हा कुठे कळलं.

बाई बऱ्या झाल्या, काठी टेकत चालायलाही लागल्या. पण आई त्या दिवसापासून बदलली. बसमध्ये चढताना ती मुलं मोजायची, उतरताना मोजायची. मुलं दोनच असली तरी मोजायची.

या सुट्टीत ती तीन झाली होती, कारण मावशीचा मुलगा राहायला आला होता. तेरा वर्षांचा. त्याचा आवाज असा होता, की शाळेत त्याला बिनमायक्रोफोनचं निवेदन करायला लावत. म्हणून त्याचं नाव कर्णा. घरातली थोरली बारा वर्षांची. गोल काचांचा चष्मा, कमी बोलणं आणि टक लावून बघणं यामुळे तिला घुबड म्हणत, आणि तिला ते आवडायचं. धाकटा सात वर्षांचा. आईच्या ओढणीचं टोक धरल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकत नसे, म्हणून तो शेपूट.

सुट्टीचा एकच दिवस बाबांनी मोकळ्या हाताने दिला होता, आणि त्यावरून सकाळच्या चहाला घरात दोन पक्ष पडले. कर्णाला नवीन सफारी पार्क बघायचं होतं. तिथे वाघ-सिंह मोकळे आणि माणसं जाळीच्या बसमध्ये. शहरातलं जुनं प्राणिसंग्रहालय म्हणजे जनावरांचं पाळणाघर, असं त्याचं मत होतं. आईला नेमकं पाळणाघरच हवं होतं. बस बंद पडली तर? खिडकीची जाळी सैल असली तर? शेपटाने हात बाहेर काढला तर?

“आणि मावशी, आभाळ पडलं तर?” कर्णाने विचारलं.

घुबडाने पेपर पुढे सरकवला. जुन्या प्राणिसंग्रहालयातली शेवटची सिंहीण आज दुपारी सफारी पार्कमध्ये हलवली जाणार होती. सफारीच्या चारच्या बसमध्येच काय त्या जागा उरल्या होत्या. म्हणजे सकाळी आईचं प्राणिसंग्रहालय, दुपारी कर्णाची सफारी. तह झाला, तिकिटं काढली. आईने पिशवीत पाणी, बँडेज, शिटी आणि तिन्ही मुलांच्या खिशांत तिच्या फोन नंबरच्या चिठ्ठ्या भरल्या.

सिंहघराशी गर्दी नव्हतीच. जुनी दगडी इमारत, पुढे गजांचे पिंजरे, मागे आतल्या खोल्या. बाजूच्या लोखंडी दाराशी एका बाकावर एक म्हातारा रखवालदार चपला काढून गमबूट चढवत बसला होता. चपलेचा तुटलेला अंगठा त्याने निळ्या सुतळीने बांधला होता.

“या, या,” तो म्हणाला, “आमची लेक आज सासरी चाललीय. बघून घ्या.”

पिंजऱ्यातली लेक जांभई देत होती. तिला तो चौदा वर्षं खाऊ घालत होता. शेपूट ओढणीआडून बाहेर आला, आणि पाच मिनिटांत दोघांची अशी गट्टी जमली, की आजोबांनी त्याला कामाच्या सगळ्या युक्त्या दाखवल्या. दारावर एक फळा होता. फळ्यावर दोन ओळींत खुंट्या, वरची ओळ लाल, खालची हिरवी. प्रत्येक रखवालदाराचा एक पितळी बिल्ला, सुतळीत ओवलेला. आत जाताना आपला बिल्ला लाल खुंटीवर टांगायचा, बाहेर आलं की हिरव्या. बाहेरचं दार लावायच्या आधी मुकादम फळा बघतो. सगळं हिरवं असेल तरच कुलूप. एकही बिल्ला लाल खुंटीवर दिसला, तर ही घंटा बडवायची, आणि तो माणूस स्वतः समोर येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही.

“आणि ज्याचा बिल्ला त्याचाच हात,” आजोबा म्हणाले. “दुसऱ्याच्या बिल्ल्याला शिवायचं नाही. सख्ख्या भावाच्यासुद्धा.”

त्यांनी आपला बिल्ला लाल खुंटीवर लावला. सुतळीला खुंटीभोवती दोन वेढे दिले. वाऱ्याने एकदा पडला होता, तेव्हापासून दोन वेढे, असं ते म्हणाले. घुबडाने ते टक लावून बघितलं.

शेपटाने विचारलं, सिंहिणीची मिशी गळते का? आजोबा हसले. गळते की. कधीकधी आतल्या खोलीत सापडते, चांगली वीतभर. “लेकीला गाडीत बसवतो, तुझ्यासाठी मिशी शोधतो आणि एकच्या ठोक्याला जेवायला या बाकावर येतो. मला उशीर चालत नाही. साखरेच्या आजाराची गोळी घेतलीय सकाळी, वेळेवर पोटात घास गेला नाही तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात.” बाकाखाली त्यांच्या चपला होत्या आणि शेजारी कापडी पिशवी, डबा आणि फोन घातलेली. फोन आत न्यायचा नसतो, जनावर बिथरतं.

एक वाजता सगळे परत आले, तेव्हा आच्छादलेला पिंजरा घेऊन ट्रक नुकताच फाटकाबाहेर पडत होता. सिंहघराच्या लोखंडी दाराला कुलूप होतं. बाकावर कोणी नव्हतं.

ते थांबले. सव्वा वाजला. दीड वाजला. शेपूट बाकाच्या टोकावर पाय हलवत बसला होता आणि दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होता. तेवढ्यात मुकादम आला. पोट पुढे, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, अंगावर सकाळपासूनची घाई. आजोबा कुठे आहेत असं आईने विचारताच त्याने फळ्याकडे बोट दाखवलं. सगळे बिल्ले हिरव्या खुंट्यांवर होते. म्हातारा ट्रकबरोबर गेला असणार, तो म्हणाला. लेकीला सोडून राहील का तो?

“पण त्यांच्या चपला इथेच आहेत,” शेपूट म्हणाला.

गमबूट घालूनच चढला असेल, मुकादम म्हणाला. मग डबा? विसरला असेल, आज त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. आईने ट्रकच्या चालकाला फोन लावायची विनंती केली. मुकादमाने लावला, चालक गाडी चालवताना उचलत नाही, आणि पोचायला साडेतीन होणार होते. मग त्याने आजोबांचाच नंबर लावला.

फोन वाजला. बाकाखालच्या पिशवीत.

“बघा,” मुकादम म्हणाला, पण त्याचा आवाज मघाइतका जाड नव्हता, “फोनही विसरला.”

घुबडाने चष्मा वर सरकवला. “चपला विसरले, जेवण विसरले, फोन विसरले. मग बिल्ला तेवढा कसा आठवला?”

मुकादम चिडला. पोरीबाळींनी कामात तोंड घालू नये, सिंहघर आजपासून कायमचं बंद, उद्या साप्ताहिक सुट्टी, त्याला अजून वीज तोडून घ्यायची होती. तो तरातरा निघून गेला.

आईने घड्याळ बघितलं. सफारीची बस पकडायची तर अडीचच्या आत निघायला हवं होतं. कर्णाने तिकिटं सकाळपासून चारदा काढून बघितली होती. आईने शेपटाचा हात धरला आणि म्हणाली, “चल रे. गेले असतील ते ट्रकबरोबर. असतील तिकडेच...”

आणि ती थांबली. हे वाक्य तिने पूर्वी म्हटलेलं होतं. जिना चढताना. शब्द वेगळे होते, तेवढंच.

शेपटाचे डोळे भरून आले होते. “मी मिशीचं विचारलं नसतं तर ते आत गेलेच नसते.”

आई खाली बसली, त्याच्या उंचीला. तिने कर्णाकडे बघितलं, कारण दुपार त्याची होती. कर्णाने तिकिटं एकदा डोळ्यांसमोर धरली, घडी घातली आणि खिशात टाकली.

“सिंह काय, पळून जात नाही, मावशी,” तो म्हणाला. “कुंपण आहे त्याला.”

घुबड तोवर फळ्याशी पोचली होती. तिने खुणेने सगळ्यांना बोलावलं. आजोबांचा बिल्ला हिरव्या खुंटीवर होता, पण सुतळीचा एकच वेढा होता. तोही उलट्या बाजूने, घाईत अडकवल्यासारखा.

“हा त्यांच्या हातचा नाही,” ती म्हणाली.

मग चौघांनी सिंहघराला फेरी मारली. मागच्या भिंतीला अगदी वर, छताखाली, वीतभर उंचीचे झरोके होते. कर्णाने हाताचा कर्णा केला आणि अशी हाक मारली, की समोरच्या झाडावरचे सगळे बगळे उडाले. “आजोबा!” सगळ्यांनी कान दिले. पण शेजारच्या हौदावर पाण्याचा पंप धडधडत होता. त्यात स्वतःचा श्वास ऐकू येईना, तर भिंतीपलीकडचं काय येणार?

पंपापाशी एक मालीण रबरी नळी गुंडाळत होती. आईने तिला सगळं भराभरा सांगितलं. मालीण म्हणाली, पंप बंद केला तर मुकादम ओरडेल. मग तिने चपलांचं विचारलं. निळ्या सुतळीच्या का? ती सुतळी मीच दिली होती. आणि तिने खटका खाली ओढला.

एकदम शांतता झाली. इतकी, की कान दुखावेत.

कर्णाने पुन्हा हाक मारली. प्रतिध्वनी विरला. काही नाही. शेपटाने आईची ओढणी मुठीत घट्ट आवळली. घुबडाने भिंतीला कान लावला आणि हात वर केला.

टक.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, लोखंडावर लोखंड आपटावं तसं. टक. टक.

“आहेत,” घुबड कुजबुजली. “पण हळू मारताहेत. दमलेत.”

आई धावली. ओढणी सावरायची तिला आठवण राहिली नाही, मुलं मोजायचीही राहिली नाही. मुकादम वीजघराच्या दाराशी भेटला. आवाज? पाइप गार होताना वाजतात, तो म्हणाला. आणि आता दार उघडणार कसं? किल्ली कार्यालयात जमा झाली, फळा हिरवा असताना सिंहघर उघडायचं तर साहेबांची लेखी परवानगी लागते, साहेब ट्रकच्या पुढे मोटारीने गेलेत. नियम म्हणजे नियम.

आई त्याच्याशी भांडत होती. तिला कधी इतक्या मोठ्याने भांडताना मुलांनी ऐकलं नव्हतं. पण भांडणात मिनिटं जात होती. घुबड दोन पावलं मागे सरकली, वळली आणि सिंहघराकडे पळत सुटली. कर्णा आणि शेपूट तिच्यामागे.

फळ्यासमोर ती थबकली. ज्याचा बिल्ला त्याचाच हात. सख्ख्या भावाच्यासुद्धा नाही. तिने जन्मात कधी वर्गातला खडूसुद्धा न विचारता उचलला नव्हता.

“काय करतेयस?” कर्णाने विचारलं.

“फळा हिरवा असेल तर दार उघडत नाही,” ती म्हणाली. “पण फळा हिरवा नाहीच आहे. तो फक्त तसा दिसतोय.”

तिने आजोबांचा बिल्ला काढला. पितळ उन्हाने तापलं होतं. तिने तो लाल खुंटीवर लावला आणि सुतळीला वेढे दिले, एक आणि दोन. “आता वाजव.”

कर्णाने घंटेची दोरी दोन्ही हातांनी धरली आणि बडवायला सुरुवात केली. ती घंटा कित्येक वर्षांत कोणी ऐकली नसावी. पण काय करायचं हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. हत्तीखान्यातून, सापघरातून, चाऱ्याच्या गोदामातून माणसं पळत आली. पांढरा डगला घातलेल्या पशुवैद्य बाई आल्या, हातात अजून हरणाच्या पिल्लाची दुधाची बाटली होती. सगळ्यांच्या मागून धापा टाकत मुकादम आला, आणि त्याच्यामागून आई.

पशुवैद्य बाईंनी फळ्याकडे बघितलं. लाल खुंटीवरचा तो एक बिल्ला. “कोण आत आहे?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हात पुढे केला. “किल्ली आणा. पळत.”

मुकादम काहीतरी म्हणायला लागला, की पोरीने बिल्ला हलवला. बाईंनी त्याच्याकडे मान वळवली. “लाल म्हणजे लाल. आधी दार, मग बाकीचं.”

दार उघडलं. आतून ओल्या दगडाचा आणि सिंहिणीचा वास आला. शेवटच्या खोलीचं सरकतं लोखंडी दार वरून खाली पडलेलं होतं. ते बाहेरच्या साखळीने उचलायचं असतं. सिंहीण गाडीत चढल्यावर कोणीतरी, आता रिकामंच तर आहे म्हणून, सगळ्या साखळ्या एका दमात सोडल्या होत्या. दोघांनी मिळून साखळी ओढली.

आजोबा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता, हात थरथरत होते, नजर कुठेच ठरत नव्हती. उजव्या हातात पाण्याच्या भांड्याची लोखंडी कडी होती. डावी मूठ घट्ट मिटलेली होती.

“साखर,” पशुवैद्य बाई म्हणाल्या. “काहीतरी गोड. लवकर.”

आईने पिशवी उपडी केली. पाणी, बँडेज, शिटी. गोड काहीच नाही. दात किडतात म्हणून तिने सकाळीच काढून ठेवलं होतं. तेव्हा कर्णाने मान खाली घालून पाठपिशवीच्या सगळ्यात आतल्या कप्प्यातून एक पुडा काढला. संत्र्याच्या गोळ्या. सफारीच्या बसमध्ये चोरून खायला आणलेल्या.

“कर्ण्या,” आई म्हणाली, आणि तिने पुडा फोडून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं.

गोळ्या पाण्यात विरघळवल्या, बाटलीच्या झाकणाने थोडं थोडं पाजलं. पाच मिनिटं गेली. आईने तेवढ्या वेळात मुलं तीनदा मोजली. दहाव्या मिनिटाला आजोबांनी डोळे उघडून समोर बघितलं, आणि मूठ पुढे केली. तीत एक पांढरी, ताठ, वीतभर मिशी होती.

“उशीर झाला रे,” ते शेपटाला म्हणाले.

शेपटाने मिशी घेतली नाही. त्याने आधी त्यांच्या गळ्याला मिठी मारली.

रुग्णवाहिका येईपर्यंत बाकीचं उलगडलं. साखळ्या मुकादमानेच सोडल्या होत्या. ट्रकवाला भोंगा वाजवत होता, साहेब घड्याळ बघत होते, आणि दार लावायला फक्त एका बिल्ल्याची अडचण होती. ट्रकमधल्या माणसांना वाटलं म्हातारा मागे राहिला, मागे राहिलेल्यांना वाटलं तो ट्रकमध्ये आहे. मुकादम बाकावर बसला. त्याच्या पायांजवळच त्या निळ्या सुतळीच्या चपला होत्या, आणि तो त्यांच्याकडे बघायचं टाळत होता.

“मीच हलवला बिल्ला,” तो म्हणाला. “सगळं हिरवं दिसलं की बरं वाटतं हो.”

त्याच्यावर कोणी ओरडलं नाही. त्याने स्वतःच कमरेचा जुडगा काढून पशुवैद्य बाईंच्या हातात ठेवला, साहेबांना मीच सांगतो म्हणाला, आणि आजोबांच्या चपला उचलून रुग्णवाहिकेत ठेवायला गेला.

घुबड कोपऱ्यात उभी होती. पशुवैद्य बाई जवळ आल्यावर तिने आपणहून सांगितलं, की बिल्ल्याला हात लावायचा नाही हा नियम तिने मोडला.

“तो तुझ्या आधीच मोडला होता,” बाई म्हणाल्या. “तू जोडलास.” मग त्या आईकडे वळल्या. अजून दोन तास गेले असते तर काय झालं असतं हे त्यांना मुलांसमोर बोलायचं नव्हतं. त्यांनी फक्त आईचा हात धरून ठेवला. अडचणीतल्या माणसासाठी घंटा वाजवणारी मुलं घरात तयार होतात, एवढं मात्र त्या म्हणाल्या. आई लाजली आणि पटकन म्हणाली, की गोळ्यांचा पुडा तिच्या घरात तयार झालेला नाही.

चारची बस अर्थातच गेली. पण पशुवैद्य बाईंनी सफारीवाल्यांकडे शब्द टाकला, आणि आठवड्याने त्याच तिकिटांवर सफारी झाली. बसमध्ये चालकाशेजारच्या जागेवर आजोबा होते, गुडघ्यांवर जेवणाचा डबा. दूरच्या झाडाखाली सिंहीण सगळ्यांकडे पाठ करून बसली होती, सासरी रुसलेल्या लेकीसारखी. आजोबांनी खिडकीतून हळूच हाक मारली. तिने मान वळवली नाही, पण कान वळवला. “ओ दिली,” आजोबा म्हणाले, आणि रुमालाने डोळे पुसले. कर्णा त्या दिवशी पहिल्यांदाच कुजबुजत बोलला.

पण त्याआधी, प्राणिसंग्रहालयातल्या त्या दिवशीच, चौघं संध्याकाळी घरी पोचले. जिन्याशी आल्यावर आई थांबली. शिक्षिकाबाईंचं दार बंद होतं. शेपटाने ओढणी सोडली, एकटाच पुढे गेला आणि दार ठोठावलं. ओ आली नाही. त्याने पुन्हा ठोठावलं. चौघंही तिथेच उभे राहिले, कोणी पायरीवर पाऊल टाकलं नाही. आईच्या पर्समध्ये बाईंनी दिलेली जादा किल्ली होती. तिने ती काढली. तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला, टक, टक, आणि मग वैतागलेला आवाज, की आले गं बाई, एवढं काय जळतंय.

तुमच्याही आसपास असं एक दार असेल. जिन्याखाली, गल्लीच्या टोकाला, किंवा फोनवर एका नंबराआड. सकाळपासून त्या माणसाचा आवाज आला नसेल, आणि कोणीतरी म्हणालं असेल, की असतील, गेले असतील, झोपले असतील. पुस्तक असंच पालथं ठेवा आणि आधी जाऊन या. एकदा हाक मारा. ओ येईपर्यंत तिथून हलू नका.